गोवर बरा झाला, मग मुलगी सारखी आजारी का पडते?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या साडेचार वर्षांच्या मुलीला फेब्रुवारीत गोवर झाला. महापालिकेच्या दवाखान्यातून तपासणीला गेलेला रक्ताचा नमुना गोवरासाठी पॉझिटिव्ह आला. आठवड्याभरात ताप आणि पुरळ दोन्ही गेले. त्यानंतरच्या पाच महिन्यांत मुलीचा दोनदा कान फुटला, एकदा न्यूमोनियासाठी ॲडमिट करावं लागलं, आणि मधून मधून जुलाब चालूच आहेत. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल, इम्युनोग्लोब्युलिनचा (रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा, म्हणजे अँटीबॉडींचा) रिपोर्टही नॉर्मल. सासूबाई म्हणतात, ‘एकदा गोवर होऊन गेला की अंग पक्कं होतं, काळजी करू नकोस.’ मेडिकलवाल्याने इम्युनिटीचं सिरप हातात ठेवलं आहे. ताईंना जाणून घ्यायचंय की गोवराने प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का, आधी दिलेल्या सगळ्या लशी पुन्हा द्याव्या लागतील का, आणि घरातल्या सात महिन्यांच्या धाकट्याचं काय करायचं.

लसीकरण कार्डाचा फोटोही त्यांनी पाठवलाय. साडेतीन महिन्यांपर्यंतचे सगळे डोस तारखांसकट भरलेले आहेत आणि नवव्या महिन्याच्या रकान्यापासून पुढे कार्ड कोरं आहे. त्या लिहितात, नवव्या महिन्यात मुलीला ताप होता म्हणून लस पुढे ढकलली, मग गावी गेलो, मग राहूनच गेली.

मी नाशिकमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे. थेट उत्तर आधी देते, कारण मधली वाट लांबची आहे. हो, ताई, तुमच्या मुलीच्या या आजारांमागे गोवर असण्याची शक्यता भरपूर आहे. तुमचा संशय योग्य आहे आणि नॉर्मल आलेल्या रिपोर्टमुळे तो खोटा ठरत नाही. मात्र ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अशक्त, रक्त कमी झालेलं, टॉनिक द्यावं असं मूल येतं. गोवर करतो ते याहून वेगळं आहे. तो प्रतिकारशक्तीची आठवण पुसतो. हे नीट समजलं की सिरपचं काय करायचं आणि लशींचं काय करायचं, याची उत्तरं आपोआप सुटतात.

आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींचा एक गट असा असतो की जो एखाद्या जंतूशी लढाई झाल्यानंतर मागे उरतो आणि त्या जंतूची ओळख वर्षानुवर्षं सांभाळतो. यांना स्मृतिपेशी म्हणतात. साडेचार वर्षांच्या मुलीने तोवर सर्दीचे कितीतरी विषाणू, जुलाबाचे जंतू, घशाचे आणि कानाचे जीवाणू पाहिलेले असतात. काही लशींमधून, काही अंगणवाडीतून, काही घरातल्या घरात. प्रत्येकाची ओळख या पेशींकडे जमा असते. म्हणून तर पहिल्या दोन वर्षांत सतत आजारी पडणारं मूल चौथ्या-पाचव्या वर्षी सावरतं.

गोवराचा विषाणू श्वासातून आत जातो. फुप्फुसात पहारा देणाऱ्या पेशी त्याला पकडतात, आणि नेमक्या त्यांच्यावरच स्वार होऊन तो जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो. पेशीत शिरायला त्याला एक कडी लागते, तिचं नाव सीडी १५०. ही कडी प्रतिकार करणाऱ्या पेशींवरच असते, आणि स्मृतिपेशींवर ती जास्त असते. म्हणजे आठवण सांभाळणाऱ्या पेशीच या विषाणूला सर्वांत सोप्या सापडतात. ताप यायच्या आधीचे आठ-दहा दिवस, मूल बाहेरून ठणठणीत खेळत असताना, आत लसिकाग्रंथी, प्लीहा, टॉन्सिल या सगळ्यांत विषाणू वाढत असतो आणि स्मृतिपेशी मरत असतात. शेवटी तो श्वासनलिकेच्या अस्तरात दुसऱ्या एका कडीच्या मदतीने शिरतो आणि खोकल्यातून बाहेर पडतो. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, असं पुस्तकात लिहितात ते यामुळेच. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू टिकू शकतो.

मग पुरळ येतं. कानामागून आणि केसांच्या कडेने सुरू होतं, चेहऱ्यावर येतं, मग छाती-पोट, मग पाय. आपल्याकडे अजून म्हणतात, ‘गोवर नीट बाहेर पडू दे.’ ते पुरळ म्हणजे शरीराने विषाणूग्रस्त पेशींवर चढवलेला हल्ला असतो. मारलेल्या त्या पेशींमध्ये स्मृतिपेशीही असतात. म्हणजे विषाणू हरतो तेव्हाच आठवणींचा मोठा साठाही जातो.

आता रिपोर्ट नॉर्मल का, ते सांगते. पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कल्पना करा, पंचवटीतल्या एका पोलीस चौकीतले पंधरा-वीस वर्षं त्याच भागात असलेले हवालदार एका रात्रीत गेले. त्यांना घाटावरचा प्रत्येक पाकीटमार चेहऱ्याने ठाऊक होता. त्यांच्या जागी महिन्याभरात तेवढेच नवे शिपाई भरती झाले, पण त्या सगळ्यांना एकाच चोराचा फोटो पाठ करायला लावला आहे. हजेरीपट पाहिला तर चौकी पूर्ण भरलेली. गोवरानंतर शरीरात असंच होतं. तापाच्या दिवसांत पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट, खाली येतात आणि बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांत आकडा पूर्ववत होतो. नव्याने भरलेल्या पेशींत गोवराला ओळखणाऱ्या पेशींचा भरणा मोठा असतो. सीबीसी फक्त पेशी मोजते, त्या कोणाला ओळखतात हे तिला कळत नाही. इम्युनोग्लोब्युलिनच्या रिपोर्टमध्येही आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्यं एकूण किती एवढंच दिसतं. त्यातलं न्यूमोकोकसविरुद्ध (न्यूमोनिया आणि कानाचा संसर्ग करणाऱ्या जीवाणूविरुद्ध) किती आणि गोवराविरुद्ध किती, हे त्यात नसतं. त्यामुळे ताई, त्या दोन तपासण्या पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही.

सासूबाईंचं म्हणणं खोडून काढण्याआधी त्यातलं खरं ते खरं म्हणायला हवं. गोवराविरुद्ध अंग पक्कं होतं हे शंभर टक्के बरोबर आहे. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टराने घरोघर फिरून नोंदी केल्या. त्याच्या लक्षात आलं की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे पासष्ट वर्षांनंतरही सुटले. मधल्या काळात बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता. आपल्या आज्यांचं निरीक्षण तेच सांगतं. चूक होते ती पुढच्या उडीत. गोवराविरुद्ध पक्कं झालेलं अंग इतर सगळ्यांविरुद्धही पक्कं झालं असं धरलं जातं, आणि इथे उलटं घडतं. एकाच आजारात शरीर एका शत्रूची ओळख जन्मभरासाठी कमावतं आणि इतर अनेकांची गमावतं.

हे कुणाच्या डोक्यातलं गृहीतक नाही. १९०८ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी पाहिलं की क्षयाची लागण असलेल्या मुलांच्या त्वचेवर ट्युबरक्युलिनची (क्षयाच्या जंतूच्या अर्काची) जी गाठ उठायची, ती गोवराच्या दिवसांत उठेनाशी व्हायची. शरीर क्षयाच्या जंतूला तात्पुरतं विसरलेलं असायचं. त्या वेळी विषाणू म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. पुढे माकडांवरच्या प्रयोगांत गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्ये शिरून त्यांना संपवतो हे प्रत्यक्ष दिसलं. २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क इथल्या जुन्या नोंदी तपासून मायकेल मीना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोवराची साथ येऊन गेल्यावर साधारण दोन ते तीन वर्षं इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यू त्या साथीच्या प्रमाणात वर राहतात. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१९ चा अभ्यास. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. एकाच थेंबातून शेकडो विषाणू-जीवाणूंविरुद्धची प्रतिद्रव्यं मोजता येतील अशी पद्धत वापरली. गोवरानंतर साधारण दोन महिन्यांनी मुलांच्या जुन्या प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली होती. ही मुलं कुपोषित नव्हती, श्रीमंत देशातली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं की दीडेक महिन्यानंतर पेशींची संख्या भरून आली तरी आधीच्या ओळखीच्या अनेक स्मृतिपेशी परतल्याच नव्हत्या.

११ आणि ७३ या दोन आकड्यांमधलं अंतर मुद्दाम लक्षात ठेवा. काही मुलांची आठवण जेमतेम खरवडली जाते, काहींची निम्म्याहून अधिक जाते. तुमची मुलगी कुठे बसते हे मी सांगू शकत नाही, आणि घरोघर वापरता येईल अशी तपासणीही नाही. पण कशावर अवलंबून असतं त्याची दिशा ठाऊक आहे. वय दोनपेक्षा कमी असेल, वजन आधीच कमी असेल, अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, गोवर जोरात येऊन गेला असेल, घरात चुलीचा किंवा विडीचा धूर असेल, एका खोलीत सहा-सात माणसं असतील, तर नंतरचं वर्ष अवघड जातं. चांगलं खातं-पितं मूल, पूर्ण लसीकरण झालेलं, हवेशीर घरातलं, बरेचदा दोन-चार किरकोळ आजारांवर निभावतं. त्यामुळे ‘माझ्या भाच्याला तर काहीच झालं नाही’ हेही खरं असतं.

‘आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर व्हायचा, काय झालं?’ हा प्रश्न मला ओपीडीत आजोबा लोक हमखास विचारतात. जे वाचले तेच आज तो प्रश्न विचारायला आहेत, एवढंच उत्तर मला अपुरं वाटतं. कारण गोवराने गेलेली बरीच मुलं गोवराच्या खात्यावर कधी लिहिलीच गेली नाहीत. पुरळ जाऊन दोन महिने झालेले, मग छाती भरली किंवा हगवण लागली आणि मूल गेलं. कारण लिहिलं गेलं न्यूमोनिया किंवा हगवण. जुन्या बायकांना मात्र हे आतून ठाऊक होतं. ‘गोवरानंतर पोर खंगत गेलं’ हे वाक्य मी सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत ऐकलंय. सासूबाईंना जरा निवांत विचारा. त्यांच्याही भावकीत असं एखादं मूल निघेल.

नाशिक जिल्ह्याच्या बाबतीत हे पुस्तकी राहत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा मालेगावातही रुग्ण सापडले. मला त्याहून जास्त चिंता वाटते ती द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे येणाऱ्या मजूर कुटुंबांची. मूल नऊ महिन्यांचं होतं तेव्हा आई बागेवर असते, कार्ड गावातल्या घरी असतं, आणि आशाताईच्या यादीत ते मूल ना इथलं ना तिथलं. वीटभट्ट्यांवरही तेच. ताईंच्या घरी कारण वेगळं, पण कोरा राहिलेला रकाना तोच. आणि एक सांगते, नुसत्या सर्दीसाठी किंवा किरकोळ तापासाठी एमआरची (गोवर-रुबेलाची) लस पुढे ढकलायची गरज नसते. मूल खूप आजारी असेल तरच थांबतो, आणि तेव्हाही पुढची तारीख त्याच दिवशी लिहून द्यायला हवी.

आता तुमच्या मुलीसाठी काय करायचं. सगळं एकदम करू नका, पण यातलं काही सोडूही नका.

पहिली गोष्ट अ जीवनसत्त्व. गोवराच्या वेळी प्रत्येक मुलाला याचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, द्यायचे असतात: सहा महिन्यांखाली ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांत १ लाख आणि वर्षानंतर २ लाख आययू. डोळ्यांत कमतरतेची खूण असेल तर काही आठवड्यांनी तिसरा. डिस्चार्जच्या कागदावर हे डोस लिहिले आहेत का ते पाहा. नसतील, तर आता घाईने मोठा डोस विकत आणून पाजू नका, कारण जास्त झालेलं अ जीवनसत्त्व अपायकारक असतं. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक डोस मिळतो. शेवटचा कधी दिला ते अंगणवाडीत विचारून तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. संध्याकाळी अंधार पडल्यावर मुलगी अडखळते का, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका दिसतो का, हे मात्र आजच पाहा. दिसलं तर दुसऱ्या दिवशीवर टाकू नका.

दुसरी गोष्ट छाती. गोवराशी संबंधित मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे, आणि तुमच्या मुलीला तो एकदा होऊन गेलाय. पुढचं वर्ष-दीड वर्ष तिच्या प्रत्येक खोकल्याकडे जरा जास्त लक्ष द्या. ती शांत झोपली असताना पोटावरचा कपडा वर करून घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असली तरी निघायचं. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, मूल सुस्त पडत असेल, तरीही तेच. सकाळी बघू म्हणायचं नाही.

कान फुटणं दोनदा झालंय, म्हणून ऐकू येण्याची तपासणी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून करून घ्या. कानात तेल किंवा लसणाचा रस अजिबात नको. जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक, आणि खाणं चालूच. गोवरानंतर पथ्याच्या नावाखाली मुलांचं दूध, अंडी, डाळ बंद करतात, ‘उष्ण पडेल’ म्हणतात. नेमक्या त्याच काळात शरीराला नव्या पेशी बनवायच्या असतात. नागलीची भाकरी किंवा पेज, वरण-भात-तूप, अंडं, शेंगदाण्याची चटणी, पालक-शेपू, पपई, एवढं घरातलं नियमित पोटात गेलं तरी खूप झालं. तीन महिन्यांनी वजन वाढलंय का ते पाहा.

सिरपबद्दल विचारलंत. गोवराने पुसलेली ओळख परत आणेल असं कोणतंही सिरप, गोळी किंवा काढा नाही. ओळख परत येते ती दोनच वाटांनी: तो जंतू पुन्हा भेटला की, किंवा त्याची लस दिली की. पहिली वाट मुलीला आजारी पाडून जाते, म्हणून दुसरी जिथे उपलब्ध आहे तिथे ती घ्यायची. सिरपच्या बाटलीचे पैसे अंड्यांवर खर्च करा.

एक शंका माझ्याही मनात ठेवते, कारण सगळं गोवराच्या माथी मारलं तर कधी कधी दुसरा आजार लपतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण, यातलं काही असेल तर टीबीची तपासणी करायलाच हवी. गोवरानंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत केलेली हातावरची मॅन्टू चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. फॉन पिर्केंनी पाहिलं ते हेच. मार्चमध्ये कुणी ती केली असेल आणि ‘काही नाही’ म्हटलं असेल, तर त्यावर विसंबू नका. आणि गोवराच्या आधीपासूनच मुलगी वारंवार न्यूमोनियाने आजारी पडत असेल, तोंडात पांढरी बुरशी परत परत येत असेल, अंगावर खोल गळवं होत असतील, तर जन्मजात प्रतिकारदोष आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या बालरोगतज्ज्ञ सुचवतील. तशा वेळी त्या टाळू नका.

आता लशी पुन्हा द्यायच्या का. निरोगी मुलाला गोवर झाला म्हणून सगळं लसीकरण पहिल्यापासून करावं, असा नियम आपल्याकडे नाही, आणि मी तसं करत नाही. आठवण पूर्ण कोरी होत नाही. अस्थिमज्जेत प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशींपैकी बऱ्याच शिल्लक राहतात आणि एक बूस्टर मिळाला की झालेलं नुकसान बऱ्याच अंशी भरून येतं. कॅन्सरचे उपचार किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी, तिथे पुनर्लसीकरणाचं वेळापत्रकच असतं. पण ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत पुन्हा देण्याचा प्रश्न नंतरचा आहे, कारण तिच्या लशी मुळात राहिल्या आहेत. नवव्या महिन्यात एमआरबरोबर न्यूमोकोकलचा बूस्टर असतो. सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरच्या दुसऱ्या डोसबरोबर डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर असतो. तुमच्या कार्डावर हे सगळे रकाने कोरे आहेत. जिच्या कानात आणि छातीत संसर्ग होतोय तिच्याकडे न्यूमोकोकलचं संरक्षण आधीच अर्धवट होतं, आणि गोवराने त्यातलंही काही नेलं असणार.

म्हणून कार्ड घेऊन याच आठवड्यात जा. डीपीटीचा राहिलेला बूस्टर सात वर्षांपर्यंत देता येतो. न्यूमोकोकलचा एक डोस या वयातही फायद्याचा ठरतो; सरकारी केंद्रात मिळेल की बाहेर घ्यावा लागेल ते तिथे विचारा. एमआर सरकारी कार्यक्रमात पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत देतात आणि तुमच्या हातात सहाच महिने आहेत. गोवर तर झाला, मग एमआर कशाला, असं वाटेल. त्यात रुबेलाची लस आहे, आणि ही मुलगी उद्या आई होणार आहे. गरोदरपणात झालेला रुबेला बाळाचं हृदय, डोळे आणि कान यांचं नुकसान करतो. गोवर होऊन गेलेल्याला ती लस दिली तर कोणताही अपाय नाही. पावसाळा संपायच्या आत फ्लूची लस परवडत असेल तर तीही द्या.

इथे एक हुशार वाचक विचारेल: लशीतही गोवराचा जिवंत विषाणूच असतो, मग तीसुद्धा आठवण पुसते का? प्रश्न रास्त आहे. लशीतला विषाणू प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दुबळा केलेला असतो. तो स्मृतिपेशींचा साठा तसा रिकामा करू शकत नाही. २०१९ च्या त्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांचंही रक्त तपासलं होतं आणि त्यांच्यात जुन्या प्रतिद्रव्यांची तशी घट दिसली नाही. मॅन्टू चाचणी तेवढी लशीनंतरही थोडे आठवडे मंदावू शकते, म्हणून ती चाचणी लशीच्या दिवशीच किंवा चार-सहा आठवड्यांनंतर करतात. याहून पुढे काही नाही. आपल्या एमआर लशीतला विषाणू एडमन्स्टन-झाग्रेब वाणाचा आहे; ती लस पुण्यातच बनते आणि जगभर जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून जी मोठी एमआर मोहीम झाली, त्या वेळी पालकांच्या मनात भीती होती, काही जणांनी मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवलंच नाही. ज्यांनी लस घेतली त्यांचं एकाच सुईत गोवरापासून रक्षण झालं आणि गोवरानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांपासूनही.

आता धाकटा. बहिणीला गोवर झाला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता आणि तुमच्याकडून मिळालेल्या प्रतिद्रव्यांनी तो बहुधा वाचला. ती प्रतिद्रव्यं सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान संपत जातात, म्हणजे तो आता उघडा पडायला लागलाय. नऊ महिने पूर्ण झाले त्याच आठवड्यात त्याला एमआरचा पहिला डोस द्या. नवव्या महिन्यातल्या डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, म्हणून १६ महिन्यांनंतरचा दुसरा डोस तितकाच महत्त्वाचा; दोन्ही मिळाले की आकडा ९५ च्या पुढे जातो. त्याआधी तुमच्या भागात गोवराचा रुग्ण निघाला, तर सहा महिन्यांनंतरच्या बाळांना आरोग्य विभाग साथीत एक जादा डोस देतो. तो मोजणीत धरायचा नाही, नवव्या महिन्याचा आणि सोळाव्या महिन्याचा तरीही घ्यायचाच. घरात किंवा शेजारी प्रत्यक्ष संपर्क आला तर पहिल्या ७२ तासांत दिलेली लस आजार टाळू शकते, म्हणून पुरळाची बातमी कानावर आली की फोन त्याच दिवशी करा.

मुलीला शाळेत पाठवायचं का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. पाठवा. पुरळ आल्यावर चार दिवसांनी तिच्यापासून कुणाला धोका उरला नव्हता, आता तर प्रश्नच नाही. वर्गात कुणाला ताप-खोकला असेल त्या दिवसांपुरतं बाईंना सांगून तिला जरा लांब बसवा. तिच्या दप्तरात बाईंसाठी एक चिठ्ठी ठेवा: फेब्रुवारीत गोवर, एप्रिलनंतर न्यूमोनिया, ताप आला तर लगेच फोन करावा, आणि खाली तुमचा नंबर. हीच नोंद तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी एखाद्या नव्या डॉक्टरसमोर बसलात तरी त्यांना ती विचारावी लागणार नाही.